झाकली मूठ उघडली तर मोलाची
पडवीतल्या कारखान्यात तयार होणारी अवजारे एका घरापुरती राहू नयेत

आपल्या भागात आता असे गाव शोधूनही सापडायचे नाही, की जिथे एखाद्या घराच्या पडवीत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत नाहीत. पूर्वी पेरणीच्या तोंडावर सगळा गाव लोहाराच्या भात्यापाशी आणि सुताराच्या नेटापाशी जमायचा. पासा शेवटून घ्यायच्या, जू नवे करायचे, रुमणे बदलायचे, आणि सुगीत बलुते घालायचे. ती पद्धत मोडली. पण हाताची खाज काही गेली नाही. आयटीआय करून आलेला पोरगा, गॅरेजमध्ये चार वर्षे काढलेला पुतण्या, नाहीतर नुसताच नाद असलेला कास्तकार, अशा माणसांच्या घरी आज जुने वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर, ड्रिल आणि भंगारातून आणलेले अँगल-पट्टीचे तुकडे हमखास दिसतात. दिवसभर रान, संध्याकाळी पडवी, असा त्यांचा शिरस्ता.

ही मंडळी स्वतःला संशोधक म्हणवून घेत नाहीत. "साहेब, हे काय मोठं न्हाई, आपलं घरापुरतं केलंय," एवढेच सांगतात. खरी अडचण या 'घरापुरतं' शब्दातच आहे. एकाने केलेले चांगले अवजार दोन बांध ओलांडून जात नाही. तीच चूक दुसऱ्या गावात दुसरा माणूस पुन्हा करतो, तेवढेच लोखंड पुन्हा वाया घालवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. अवजारांच्या बाबतीत मात्र मूठ उघडली तरच तिला मोल आहे.

अमावास्येची बैठक

अमावास्येला आपल्याकडे बरेच जण अजून औत धरत नाहीत. ही सवड साधून गेल्या खरिपाच्या आधी माझ्या सज्जातील काही गावांच्या हौशी मंडळींना आम्ही एका शाळेच्या पटांगणात बोलावले. हार-तुरे नाहीत, भाषण नाही. अट एकच होती. प्रत्येकाने आपले अवजार सोबत आणायचे आणि तीन गोष्टी सांगायच्या : काय केले, कशासाठी केले, आणि कुठे फसले. तिसरी गोष्ट सांगायला आधी कुणी धजावेना. पण पहिल्या माणसाने तोंड उघडले आणि मग अंधार पडेपर्यंत कुणी उठले नाही.

पहिले आले सायकल कोळपे. जुन्या सायकलचे पुढचे चाक, त्याला अँगलचा सांगाडा, मागे पास आणि धरायला हँडल. पास ट्रकच्या जुन्या पाट्याची, त्यामुळे धार टिकते. सोयाबीन ४५ सेंमी ओळीत पेरलेले. गड्याने आधी १२ इंची, म्हणजे ३० सेंमी पास लावली. दोन्ही बाजूंना साडेसात सेंमी जागा उरली. चाक जरा डुगडुगले की पास रोपात घुसायची. मग ९ इंची, म्हणजे २३ सेंमी पास बसवली. आता दोन्ही बाजूंना ११ सेंमी मोकळी राहते, ओळीलगतचे तण तेवढे हाताने काढावे लागते. दुसरी खोड त्याच्या घरच्या लक्ष्मीने दाखवली. हँडल त्याने स्वतःच्या उंचीला पक्के वेल्ड केलेले. "याच्या मुठी माझ्या छातीला लागत्यात, जोर कुठनं लावू?" असे तिने विचारले. आता हँडलला भोके पाडून नट-बोल्ट दिले आहेत, ज्याच्या त्याच्या कंबरेच्या बेताने वर-खाली होते. खुरपणी घरोघरी बायकाच करतात. मग अवजाराचे माप पुरुषाच्या उंचीने का घ्यायचे, हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांनाच पटला.

दुसरे होते कांदा लागवडीसाठी खुणा पाडणारे पिंप. वाफ्यावरून पिंप लोटत न्यायचे, त्यावरच्या खुंट्या जमिनीत छिद्रे पाडतात, मागून बाया त्या छिद्रात रोप लावत येतात. अंतर १५ बाय १० सेंमी. करणाऱ्याने घरात होता तो डबा घेऊन खुंट्या ठोकल्या. एका फेऱ्यात सगळे नीट, पण फेरा पुरा झाला की शेवटची आणि पहिली खुंटी जवळ येऊन पडायची. हे कशाने होते ते त्याला दोन हंगाम उमगले नव्हते. बैठकीतल्या एका सुताराने तिथेच काडीने जमिनीवर हिशेब मांडला. पिंपाचा घेर १० ने पुरा भागला पाहिजे. घेर १०० सेंमी हवा असेल तर १०० भागिले ३.१४, म्हणजे व्यास जवळपास ३२ सेंमी घ्यावा. मग खुंट्यांच्या बरोबर दहा रांगा बसतात. दोन हंगामांचे कोडे पाच मिनिटांत सुटले. जमीन वाफशावर असतानाच पिंप फिरवावे, चिखलात खुंट्यांना माती धरते, ही भर तिसऱ्याने घातली.

तिसरे उभ्याने टोकण करायचे यंत्र. कमरेच्या वर येईल एवढा पाइप, खाली पत्र्याची चोच आणि ती उघडायला सायकलच्या ब्रेकची वायर. कपाशी, मका टोकताना वाकावे लागत नाही. काळ्या रानात चोचीत माती बसते, ही त्याची रड. चोच जास्त निमुळती करून बघ, आणि ओल जास्त असेल त्या दिवशी वापरूच नको, असे दोघांनी सुचवले.

चौथी होती हाताच्या कडबाकुट्टीला मोटर आणि पट्टा लावलेली जोडणी. काम झपाट्याने होते, पण पट्ट्यावर झाकण नाही, चारा सारायचे तोंड उघडे. ती चालू करून दाखवायला आम्ही तिथे नकार दिला. तो म्हणाला, "तीन वर्सं झाली साहेब, काय झालं न्हाई." मागे बसलेल्या एका मावशी ताडकन बोलल्या, "झाल्यावर सांगाय यायचं व्हय?" त्यावर कुणाला उत्तर सुचले नाही.

लहान दुकानातून मोठी वाट

घरच्या खटपटीला हसू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावात सायकलींचे दुकान होते. त्यातूनच पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर बाहेर पडला. लोखंडाने जमीन नासेल, अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना होती, आणि पहिले नांगर बराच काळ दुकानात पडून होते, असे सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

अलीकडची उदाहरणेही आहेत. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या भागांपासून 'कृषिराजा' हे कोळपणीचे अवजार केले. बैलजोडी न परवडणाऱ्या लहान शेतकऱ्याला ते उपयोगी पडले. कोपरगाव तालुक्यातील पंढरीनाथ सर्जेराव मोरे यांनी ट्रॅक्टरच्या मागे चालणारे कांदा लागवडीचे यंत्र तयार केले. शेजारच्या गुजरातेत अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांची जोडणी आणि अवजारांची पट्टी बसवली. 'बुलेट सांती' म्हणून ती गाजली. ही नावे आज आपल्यापर्यंत पोहोचली, कारण त्यांचे काम कुणीतरी पाहिले, लिहून घेतले आणि पुढे नेले. प्रा. अनिल गुप्ता यांनी उभ्या केलेल्या 'हनी बी नेटवर्क'ने गावोगाव फिरून अशा माणसांची नोंद केली. २००० साली गुजरातेत सुरू झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान हेच काम करते. ज्याचे ज्ञान, त्याचे नाव त्यावर राहिले पाहिजे, आणि ते लोकांना त्यांच्याच भाषेत परत मिळाले पाहिजे, हे त्या कामाचे सूत्र. आपल्या गावच्या बैठकीलाही हेच सूत्र लागू आहे.

धोका आधी पाहा

अवजार दाखवण्याआधी ते सुरक्षित आहे का, हे पाहणे करणाऱ्याचे काम आहे. मळणी यंत्रासारख्या यंत्रांसाठी धोकादायक यंत्रे नियमन कायदा १९८३ पासून आहे. मळणी यंत्राचे पेंढी सारायचे तोंड निदान ९० सेंमी लांब आणि त्यातले ४५ सेंमी वरून झाकलेले असावे, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोहोचत नाही. घरी जोडणी करणाऱ्याने हेच तत्त्व कडबाकुट्टीलाही लावावे. चारा सारणाऱ्याचा हात पात्यापर्यंत जाताच कामा नये. फिरणारा पट्टा, साखळी, ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट यांवर जाळी किंवा पत्रा हवाच. पदर, उपरणे, सैल बाही एका क्षणात ओढली जाते.

पडवीतही काही पथ्ये पाळावीत :

१) डिझेल-पेट्रोलचे रिकामे पिंप किंवा टाकी वेल्ड करू नये. आत राहिलेल्या वाफेने स्फोट होतो.

२) जस्ताचा मुलामा असलेला पाइप बंद खोलीत वेल्ड करू नये. त्याच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. आधी मुलामा घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे.

३) औषध फवारणीचे रिकामे डबे बियाणे किंवा खत पेरण्याच्या पेटीसाठी वापरू नयेत.

४) वेल्डिंगला काच आणि हातमोजे, ग्राइंडरला चष्मा आणि पात्यावरचे झाकण लागतेच. विजेच्या जोडणीला अर्थिंग पक्के करून घ्यावे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून मशीन चालवू नये.

अनुदान आणि हक्क

बैठकीत हमखास निघणारा प्रश्न म्हणजे, "याला अनुदान बसंल का?" सरळ उत्तर असे, की यांत्रिकीकरणाच्या योजनेत मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी झालेल्या यंत्रांनाच अनुदान मिळते. घरच्या अवजाराला ते मिळत नाही. मात्र विक्रीसाठी अवजारे करायची असतील, तर कृषी विद्यापीठाच्या अवजारे विभागाचा सल्ला जरूर घ्यावा. आपल्याकडील विद्यापीठांनी आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने लहान शेतकऱ्यांसाठी अनेक साधी अवजारे तयार केली आहेत. भोपाळचे मका सोलण्याचे हातातले नळीसारखे साधन कोणताही पत्रेवाला करू शकेल इतके सोपे आहे. आहे ते आधी पाहावे, मग नवे करावे. त्याने श्रम वाचतात.

दुसरा मुद्दा पेटंटचा. शेती करण्याच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. नव्या अवजाराला मात्र मिळू शकते, आणि ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. पण अर्ज करण्याआधी अवजार चारचौघांत मांडले, प्रदर्शनात ठेवले किंवा पेपरात छापून आणले, तर त्याचे नवेपण गेले असे धरले जाऊ शकते. आपली कल्पना खरोखर नवी आहे आणि तिचा धंदा करायचा आहे असे ज्याला वाटते, त्याने आधी नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे किंवा जाणकाराकडे चौकशी करावी, मगच ती मांडावी. बाकीच्यांनी, म्हणजे कोळप्याची पास नि टोकणीची चोच सुधारणाऱ्यांनी, मूठ झाकून ठेवण्यात काही हशील नाही.

मोटारसायकलचे इंजिन काढून गाडी किंवा ट्रॉली करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही. रानात काम करणारे यंत्र रानातच ठेवावे. अपघात झाल्यास विम्याचा आधार मिळत नाही आणि सारा संसार उघड्यावर पडतो.

गावाने काय करावे

यासाठी वेगळा निधी लागत नाही. सरपंच व ग्रामपंचायतीच्या मंडळींनी खरिपाआधी एक आणि रब्बीआधी एक अशा वर्षातून दोन संध्याकाळी शाळेचे पटांगण किंवा समाजमंदिर मोकळे करून द्यावे. गावातला लोहार, सुतार, वायरमन, वेल्डिंगवाला आणि अवजार प्रत्यक्ष हातात धरणाऱ्या बाया, सगळ्यांना निरोप जावा. बायांना मागे बसवू नये. अवजार आधी त्यांच्या हाती द्यावे आणि त्यांचे बोलणे लिहून घ्यावे.

एक साधी वही ठेवावी. प्रत्येक अवजाराला एक पान. त्यावर करणाऱ्याचे नाव, कोणत्या पिकासाठी, कोणत्या जमिनीत चालते, कोणते सामान लागले, खर्च किती आला, सगळी मापे सेंमीमध्ये, आणि कुठे बिघडते. हाताने काढलेली आकृती चालेल, पण मापे पक्की हवीत. 'अंदाजे वीतभर' असे लिहिले तर दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही. पुढच्या बैठकीत कुणी सुधारणा केली, तर त्याच पानावर त्याच्या नावासह ती टिपावी. मूळ करणाऱ्याचे नाव खोडू नये.

मजूर मिळत नाहीत, बैल ठेवणे परवडत नाही, आणि मोठी यंत्रे दोन-तीन एकरवाल्याच्या आवाक्याबाहेर आहेत. अशा वेळी शेजारच्या पडवीत तयार झालेले चांगले कोळपे हा पुष्कळांना खरा आधार आहे. येत्या अमावास्येला आपल्या गावात ही वही सुरू करा, आणि पहिल्या पानावर जे फसले तेही न लाजता लिहा. पुढच्याचे लोखंड आणि एक हंगाम त्यानेच वाचेल.