अडीच सुताचा बोल्ट

घराचं काम संपवून मिस्त्री जातो तेव्हा एक पिशवी मागे राहते. उरलेले स्क्रू, जोडीतली एकटी पडलेली बिजागरी, जुन्या दाराची कडी, नळकामातून शिल्लक राहिलेले एल्बो आणि टी, पडद्याच्या रिंगा, कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी. ‘लागेल कधीतरी’ म्हणून पिशवी माळ्यावर जाते आणि पुढच्या रंगकामालाच खाली येते. आमच्या सोसायटीतल्या अशा पिशव्या गोळा करून शेजारच्या अंगणवाडीसाठी खेळणी करायचं ठरलं. हाताशी एक निवृत्त सुतारकाका होते. त्यामुळे मला मुख्यतः काचपेपर घासायचं काम मिळालं.

या उद्योगात सर्वांत जास्त वेळ घासण्यातच जातो. प्लायच्या कडा, पत्र्याची धार, कापलेल्या पाइपचं तोंड, सगळ्यांवरून बोट फिरवून बघायचं. त्याच्याही आधी निवड. गंजकं आणि तडकलेलं सरळ भंगारात. रंगाचे पोपडे निघालेली जुनी कडीही भंगारातच, मग ती कितीही सुबक असो. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि तो खरवडला तर धूळ उडते, म्हणजे आणखी वाईट. जुन्या पितळी नळाच्या चाव्याही आम्ही वगळल्या. पितळ नीट कातलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात आणि लहान मूल हातातली वस्तू आधी तोंडात घालतं.

बाजारात हल्ली ‘बिझी बोर्ड’ मिळतात. एकाच फळीवर कडी, कुलूप, चेन, घंटी, बटण, चाक अशी नुसती गर्दी. मला ते पटत नाही. मूल गोंधळतं, चाक गरागरा फिरवतं आणि निघून जातं. एका वेळी एकच अडचण समोर ठेवावी हे माँटेसोरीबाईंचं सूत्र इथे कामाला येतं. म्हणून आम्ही वीतभर फळीवर एकच वस्तू बसवली. प्लाय १८ एमएमचा आणि स्क्रू अर्धा इंची, म्हणजे टोक मागून बाहेर येत नाही. साधी साखळीची कडी सर्वांत सोपी. टॉवर बोल्टला दोन हालचाली लागतात, आधी मूठ वर फिरवायची आणि मग सरकवायची. ॲल्ड्रॉपला उचलणं, सरकवणं आणि पट्टी कोयंड्यावर बसवणं, अशा तीन.

फळीवर एक इवलं दार करून त्यामागे मी मांजराचं चित्र चिकटवलं होतं. कडी उघडली की मांजर दिसेल आणि मूल खूश होईल, असा हिशेब. अडीच-तीन वर्षांच्या मुलांनी मांजराकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून पुन्हा कडीच. खऱ्या दाराची कडी हातात घ्यायला त्यांना कोणी कधी देत नाही, हे त्यामागचं कारण असावं. रंगीत प्लॅस्टिकच्या नटापेक्षा जड, गार, लोखंडी बोल्ट त्यांना जास्त ओढतो तोही याचमुळे.

बोल्टचा आकार मात्र वयाप्रमाणे. तीन वर्षांखालच्या मुलाला सुटा नट द्यायचाच नाही. खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्या नळीत जे मावतं ते मुलाच्या घशात अडकू शकतं. गोल चकतीचे जोरदार लोहचुंबक तर घरातूनच हलवावेत. दोन गिळले गेले तर आतड्यांच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात. कपाटाच्या दाराचा मॅग्नेट त्याच्या डबीतच ठेवून फळीवर घट्ट बसवला तर चालतो. लोखंड चिकटतं, ॲल्युमिनियम चिकटत नाही, हे त्यावर छान कळतं.

मोठ्या मुलांना खरी गंमत नट-बोल्टमध्ये सापडते. आठ एमएमच्या नेहमीच्या बोल्टवर नट एका पूर्ण फेऱ्यात सव्वा मिलिमीटर सरकतो, म्हणजे आठ फेऱ्यांत बरोबर एक सेंटिमीटर. नटाच्या एका कोपऱ्याला नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, फेरे मोजायचे आणि पट्टी धरायची. चौथी-पाचवीच्या मुलांना दशांश अपूर्णांक बोटांनी मोजता येतो. सहा एमएमच्या बोल्टवर फेऱ्याला एकच मिलिमीटर. मग प्रश्न येतो की जाड बोल्टचा नट लवकर का पळतो, आणि मुलं आटे निरखायला लागतात.

पिशवीत एक लबाड बोल्टही निघाला. आठ एमएमचा नट त्यावर दोनेक फेरे गेला आणि अडकला. मुलांनी जोर लावला, नट उलटा करून पाहिला. सुतारकाकांनी लांबूनच सांगितलं, “तो अडीच सुती आहे.” सुतारकामात इंचाचे आठ सूत, म्हणजे अडीच सूत ७.९ मिलिमीटर. जाडी जवळजवळ तीच, पण या जुन्या इंची बोल्टवर इंचात १८ आटे आणि एमएमच्या बोल्टवर सुमारे २०. दोन फेऱ्यांपर्यंत फरक खपतो, पुढे नाही. आम्ही तो बोल्ट मुद्दाम डब्यात ठेवला. माझ्या मते अख्ख्या डब्यातलं ते सर्वांत शिकवणारं खेळणं आहे.

पाइपच्या तुकड्यांचं काम त्यामानाने सरळ. अर्ध्या इंची पीव्हीसीचे तुकडे, एल्बो, टी, कपलर. सोल्युशन लावायचं नाही. फिटिंगचं तोंड आत निमुळतं होत जातं, त्यामुळे पाइप ठोकून बसवला तर मुलाला तो निघत नाही. पाइपचं टोक कानशीने थोडं उतरवलं की चार वर्षांचं मूलही जोडतं, काढतं, त्यात पाणी ओतून कुठून येतं ते बघतं. आधी कापडाने पुसून घ्या, नव्या पाइपला पांढरी भुकटी असते.

हे सगळं आपल्याकडे नवं नाही. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं वापरली. पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी चौकोन लवतो आणि त्रिकोण लवत नाही हे मुलांच्या हातात दिलं. पुढे आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी देशभर पोचली. त्यांच्या तुलनेत आमची पिशवी श्रीमंतच म्हणायची.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पिशवी खाली आली तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या अंगणवाडीताईंना विचारून बघा. देताना गंजकं आणि रंग उडालेलं काढून टाका, आणि प्रत्येक बोल्टला त्याचा नट लावून द्या. अडीच सुती सापडला तर तेवढा वेगळ्या पुडीत बांधा.