औषधखिडकीच्या अलीकडे

पिशवी आधी खाटेवर रिकामी करायची, हा तिचा नियम आहे. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात रावेर तालुक्यातल्या एक आजी आदल्या रात्री दाखल झाल्या होत्या. पाय सुजलेले, धाप लागलेली. लेकाने घरून आणलेली कापडी पिशवी तिने चादरीवर उलटी केली. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, चूर्णाची डबी, नातवाचं खोकल्याचं औषध, कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या. स्ट्रिपांवरची मोठ्या अक्षरातली नावं सोडून ती मागची बारीक अक्षरं वाचू लागली. दोन स्ट्रिपा, दोन कंपन्या, दोन नावं. आत औषध एकच, टेल्मिसार्टन. एक भुसावळच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी गावाजवळच्या दवाखान्यातली. दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नव्हती आणि आजी दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होत्या.

"आजी, या पुडीतल्या कशाच्या?"

"ही पांढरी गोयी गुडघ्याची. ती घेतली नाही त मले उठता येत नाही."

ती डायक्लोफिनॅक निघाली. मग तिने असा प्रश्न विचारला, जो केसपेपरवर कुठेच नव्हता. "घरी केळी किती खाता?" लेकाला आश्चर्य वाटलं. "आमचं घरच केयीत हाय, ताई. दिवसाला तीन-चार होतातच."

आजींच्या रक्तात पोटॅशियम ६ च्या वर गेलं होतं. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. वाढत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात राखून धरतं, सुजेसाठी चालू असलेलं स्पायरोनोलॅक्टोनही तेच करतं, दुखण्याची गोळी थकलेल्या मूत्रपिंडांना आणखी थकवते, आणि मध्यम आकाराच्या एका केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. यातली एकेक गोष्ट एकटी असती तर कदाचित निभावली असती. रेसिडेंट डॉक्टरांनी रात्रीच कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन हृदय सांभाळलं होतं. पण पोटॅशियम वाढलं कशाने, याचं पूर्ण उत्तर त्या पिशवीत आणि घरच्या केळीबागेत होतं. राउंडला तिने ते चार वाक्यांत सांगितलं. एक टेल्मिसार्टन कायमचं बाद, दुसरं आणि स्पायरोनोलॅक्टोन तूर्त थांबवलं, डायक्लोफिनॅक बंद, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल.

ती क्लिनिकल फार्मसिस्ट आहे. यावल तालुक्यातली मुलगी, आमच्या भागातल्या एका शिक्षण रुग्णालयात काम करते. तिच्या मागे-मागे वॉर्डांतून हिंडायची परवानगी मिळाली म्हणून हे लिहिता येतं आहे. भुसावळला आम्ही फार्मसिस्ट पाहिला तो खिडकीपलीकडे किंवा मेडिकलच्या काउंटरवर. चिठ्ठी आत जाते, गोळ्या बाहेर येतात. सरकारी रुग्णालयात त्याला औषध निर्माण अधिकारी म्हणतात, आणि तिथली रांग सांभाळणं हेही मोठंच काम आहे. पण औषधांचं इतकं शिक्षण घेतलेला माणूस पेशंटचं तोंडही न पाहता दिवसभर पुड्या मोजत बसतो, यात आपलं सगळ्यांचं नुकसान आहे असं मला ठामपणे वाटतं.

हा विचार जगातही फार जुना नाही. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावरच्या शस्त्रक्रिया विभागात फार्मसिस्ट चोवीस तास नेमून पाहिले, आणि क्लिनिकल फार्मसीची गोष्ट पुष्कळदा तिथून सुरू केली जाते. पुढे अमेरिकेत फार्मसिस्टांच्याही डॉक्टरांसारख्या शाखा फुटल्या. १९७६ मध्ये या विशेष शाखांना प्रमाणपत्र देणारं मंडळ स्थापन झालं. पहिली मान्यता १९७८ साली किरणोत्सारी औषधांच्या फार्मसीला मिळाली. आज कर्करोग, अतिदक्षता, बालरोग, हृदयरोग, मनोविकार, संसर्गजन्य रोग अशा वेगवेगळ्या शाखांचे फार्मसिस्ट असतात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात म्हैसूर आणि उटीच्या महाविद्यालयांत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं आणि २००८ पासून फार्म.डी. आली: सहा वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटचं पूर्ण वर्ष रुग्णालयात.

इथे मात्र एकाच मुलीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्या शाखा व्हावं लागतं.

आजींच्या पलीकडच्या खाटेवर सत्तरीच्या एक बाई होत्या, लघवीच्या मार्गाचा संसर्ग रक्तात पसरलेला. मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी लिहिलेलं. क्रिएटिनिन १.४. आकडा थोडासाच वर आहे, घाबरण्यासारखा वाटत नाही. तिने मला कागदावर हिशोब करून दाखवला. १४० मधून वय वजा करायचं, उरलेल्याला वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. वजन ४५ किलो. उत्तर आलं २७ च्या आत. तरुण, निरोगी मूत्रपिंड मिनिटाला शंभरच्या आसपास मिलिलिटर गाळतं. यांचं चौथ्या हिश्शावर आलेलं. अंगात स्नायूच कमी असले की क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि आकडा फसवतो. आमच्या भागातल्या शेतात राबून वाळलेल्या म्हाताऱ्या बायांच्या बाबतीत हे फार होतं, असं ती म्हणाली. पहिला डोस पूर्णच द्यायचा, तिथे कंजुषी नाही; पुढचे दर १२ तासांनी. तिने रेसिडेंटला हिशोबाचा कागदच दिला. त्याने तो पाहिला, मान हलवली आणि ऑर्डर बदलली. दोघांच्या बोलण्यात मानापमानाचा लवलेश नव्हता. हे असं सगळीकडे होत नाही, हे तिनेच सांगितलं.

अतिदक्षता विभागात तिचं लक्ष माणसाच्या आधी बाटल्यांकडे गेलं. एकेका पेशंटला चार-पाच औषधं नळीतून चालू असतात आणि शिरा मिळतात दोन. कोणतं औषध कोणासोबत एका नळीतून जाऊ शकतं, हे तिथलं रोजचं कोडं. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की त्याचे बारीक स्फटिक होतात, म्हणून ते साध्या सलाईनमध्येच. अँफोटेरिसिन-बीचं नेमकं उलट: सलाईनमध्ये ते फाटतं, त्याला ५ टक्के डेक्स्ट्रोज लागतं. सेफ्ट्रिॲक्सोन रिंगर लॅक्टेटच्या नळीत सोडलं तर त्यातल्या कॅल्शियमसोबत गाळ बनतो. तिने सिस्टरसाठी हे तक्ते मोठ्या अक्षरांत लिहून औषधांच्या ट्रॉलीवर चिकटवले आहेत. तिथल्या सिस्टर तिला नावाने हाक मारतात आणि शंका आली की हातातली सिरिंज थांबवून विचारतात. मला त्या विभागात सगळ्यात मोलाचं काही वाटलं असेल तर ते हे थांबणं.

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की याच विभागात ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेचे पेशंट येतात. त्यांना ॲट्रोपिन लागतं आणि ते साध्या हिशोबात बसत नाही. ०.६ मिलिग्रॅमच्या तीन-चार ॲम्प्युल्सपासून सुरुवात, छातीतला चिकटा सुकेपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट. एका रात्रीत एका माणसाला किती ॲम्प्युल्स लागतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून जुलैच्या आतच साठा पाहून ठेवावा लागतो. सर्पदंशाची लसही तीच पाहते. कुपीतली पावडर विरघळवताना जोरात हलवायची नाही, फेस होतो. हळू गोल फिरवायची. आणि लहान मुलाला डोस कमी करायचा नाही, कारण सापाने विष टोचताना वजन पाहिलेलं नसतं.

दुपारी बाह्यरुग्ण विभागाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून ती समुपदेशनाला बसते. इथलं काम मला सगळ्यात जास्त आवडलं, म्हणून थोडं रेंगाळून सांगतो.

भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी इन्सुलिन घेऊन आले. साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, अशी तक्रार. तिने बाटली आणि सिरिंज दोन्ही टेबलावर ठेवायला सांगितली. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली दोन ताकदींत मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजाही तशाच दोन, ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. काकांची बाटली नवी, १०० ची. सिरिंज घरातली जुनी, लाल टोपणाची. ते २० च्या रेघेपर्यंत भरत होते आणि ५० युनिट अंगात जात होतं. काकांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. तिने शांतपणे केशरी टोपणाची सिरिंज काढून दिली, त्यांच्याकडूनच रिकामी सिरिंज भरवून घेतली आणि जुन्या सगळ्या आणून द्यायला सांगितल्या. मग उन्हाळ्याचं बोलणं निघालं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी वीज गेली की फ्रिजचा भरवसा नाही. तिने सांगितलेला उपाय घराघरातला आहे: बाटली डबीत घालून, डबी ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात, सावलीत. फ्रीजरमध्ये मात्र कधी नाही. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

त्यानंतर संधिवाताच्या एक मावशी आल्या. मेथोट्रेक्सेट ही त्यांची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी तयार होणं थांबतं, जीवही जातो. जगभर यातून माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर "आठवड्यातून १" लिहिलं होतं, पण मावशींना वाचता येत नाही. तिने विचारलं, "मावशी, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?" त्या म्हणाल्या, बुधवारी. "मग ही गोळी बाजाराच्या दिवशी, रात्री जेवल्यावर. बाजार नाही तर गोळी नाही." फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळसरच असते, म्हणून ती वेगळ्या डबीत आणि बाजाराच्या दिवशी सोडून. मावशींनी तिला दोनदा म्हणून दाखवलं. कोणत्याही परदेशी पुस्तकात हा बाजाराचा वार सापडणार नाही, आणि त्याहून खात्रीचं साधन मला सुचत नाही.

औषधाने अंगावर चट्टे उठले, उलट्या झाल्या, तर ती एक फॉर्म भरते. २०१० मध्ये देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात त्याचं केंद्र आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर पेशंटही स्वतः कळवू शकतो. हा क्रमांक घरोघरी असायला हवा.

शिरपूर, चोपडा, फैजपूर, खानदेशात फार्मसीची महाविद्यालयं कमी नाहीत. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून झालं. शिकलेली मुलं आहेत, वॉर्ड आहेत, पेशंट तर आहेतच. शिकून झाल्यावर यातली बरीच मुलं पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत औषध चाचण्यांच्या कागदपत्रांवर काम करतात. तिच्या वर्गातलेही गेले. तिला लहान मुलांच्या वॉर्डातच पूर्ण वेळ काम करायचं आहे, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून सिकलसेलची मुलं येतात.

असाच एक १२ किलोचा मुलगा त्या दिवशी घरी जायचा होता. हायड्रॉक्सीयुरिया रोज २०० मिलिग्रॅमच्या आत लागणार, हातात असलेली कॅप्सूल ५०० ची. कॅप्सूल उघडून मोजलेल्या पाण्यात विरघळवायची आणि सिरिंजने ठरलेले मिलिलिटर द्यायचे, असं ती आईला समजावू लागली आणि मध्येच थांबली. आईला पाचवा महिना होता. हे औषध पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. गरोदर बाईने त्याची पावडर हाताळायची नसते. मग बापाला बोलावलं. हातमोजे, मास्क, वेगळी वाटी, उरलेलं कुठे टाकायचं, सगळं त्याच्याकडून करून घेतलं. पावरी बोलणाऱ्या आईला ते त्यानेच समजावलं.

डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही झाली, सिस्टरची झाली. औषध बापाने तयार करायचं, आईने नाही, आणि का, हे तिने कार्डाच्या कडेला मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, कारण फार्मसिस्टसाठी त्या कार्डावर रकाना नाही. निदान शिक्षण रुग्णालयांच्या केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर तो छापला जावा. पुढच्या खेपेला दुसरा डॉक्टर असेल, दुसरी सिस्टर असेल, आणि कडेचं बारीक अक्षर वाचायला कोणाला सवड नसते.