दुसऱ्या नजरेविना गेलेला अहवाल

लेखमाला : सार्वजनिक पैशाचा माग – लेखांक सातवा

१० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आणि डॉक्टरांच्या बँक खात्यांत न मागता पैसे जमा होऊ लागले. त्यासाठी अर्ज करावा लागला नव्हता की प्रस्ताव पाठवावा लागला नव्हता. आदल्या वर्षी मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेकडून ज्याला जेवढे पैसे मिळाले होते, त्या प्रमाणात फेडरल सरकारने पहिला हप्ता थेट पाठवून दिला. बरोबर दोन आठवडे आधी, २७ मार्चला, सही झालेल्या ‘केअर्स’ कायद्यातून हा ‘प्रोव्हायडर रिलीफ फंड’ उभा राहिला होता. नंतरच्या दोन कायद्यांची भर पडून त्याची तरतूद १७८ अब्ज डॉलरपर्यंत गेली. कोविडमुळे ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या होत्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले होते आणि पगार मात्र द्यायचेच होते. अशा वेळी कागदपत्रांत वेळ न घालवता पैसे पोचवणे हा योग्यच निर्णय होता, असे मला आजही वाटते.

पण सरकारी पैशामागून हिशेब येतोच. गेल्या आठवड्यात आपण १९८४ च्या ‘सिंगल ऑडिट’ कायद्याची ओळख करून घेतली. वर्षभरात साडेसात लाख डॉलर किंवा त्याहून अधिक फेडरल पैसा खर्च करणाऱ्या संस्थेला वेगळे लेखापरीक्षण करून घ्यावे लागे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ही मर्यादा दहा लाखांवर गेली आहे. आपल्याकडे अनुदान घेणाऱ्या संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. तिकडचा लेखापरीक्षक त्याच्या पुढे जाऊन पैसे नियमाने खर्च झाले का हे तर पाहतोच, पण चूक झाली असती तर ती पकडण्याची सोय संस्थेत होती का, हेही तपासतो. छोटी रुग्णालये अडखळली ती बहुधा या दुसऱ्या प्रश्नावर.

छोटे रुग्णालय म्हणजे किती छोटे? १९९७ च्या कायद्याने ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटल’ असा एक वर्ग निर्माण केला. तिथे जास्तीत जास्त २५ खाटा, चोवीस तास तातडीची सेवा आणि सर्वसाधारणपणे शेजारचे रुग्णालय ३५ मैलांहून दूर. डोंगराळ मुलखात हे अंतर १५ मैलांचे धरतात. कॅन्सस, आयोवा, नेब्रास्का या शेतीच्या राज्यांत अशी रुग्णालये खूप आहेत आणि देशभरात मिळून ती तेराशेहून जास्त भरतात. पुष्कळ काउंट्यांत छातीत कळ आलेल्या माणसाला गाठता येईल असे हेच एक दार असते. त्यांचा हिशेब विभाग मात्र एका टेबलावर मावतो. सीएफओ, हिशेब लिहिणारा एखादा माणूस, बिलिंगला दोन-तीन जण. अंदाजपत्रक, पगार, बँकेचा मेळ, मेडिकेअरचा वार्षिक खर्च अहवाल आणि अनुदानांचे अहवाल, सगळे एकाच डोक्यातून आणि एकाच हातातून जाते. तो माणूस नोकरी सोडून गेला की अर्धे तपशील त्याच्याबरोबर जातात.

अशा टेबलावर रिलीफ फंडाचा अहवाल येऊन पडला. पैसे एप्रिल २०२० मध्ये आले, नियम मात्र बदलत राहिले. १९ सप्टेंबर २०२० च्या सूचनेने ‘बुडालेले उत्पन्न’ म्हणजे रुग्णसेवेच्या उत्पन्नातून तिचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेतली घट अशी व्याख्या केली. २२ ऑक्टोबरला ती मागे घेऊन खर्च वजा न करता रुग्णसेवेच्या उत्पन्नाकडे वळवली. डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने त्यात कायद्यानेच लक्ष घातले. जानेवारी २०२१ मध्ये आणखी एक सूचना निघाली आणि अखेर ११ जून २०२१ च्या सूचनेने टप्पे ठरवून दिले. ३० जून २०२० पर्यंत मिळालेले पैसे ३० जून २०२१ पर्यंत वापरायचे आणि त्याचा अहवाल सप्टेंबरअखेर सरकारी पोर्टलवर भरायचा. दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम मिळालेल्या प्रत्येकाला हे बंधनकारक होते. फंडाचा कारभार पाहणाऱ्या ‘हर्सा’ या खात्याने पुढे साठ दिवसांची सवलत दिली, पण तोवर अनेकांनी घाईघाईत जुन्याच समजुतीवर आकडे मांडलेले होते.

आकडे मांडणे सोपे नव्हते. आधी कोविडमुळे झालेला जादा खर्च दाखवायचा आणि उरलेली रक्कम बुडालेल्या उत्पन्नापोटी. हे उत्पन्न मोजायच्या तीन रीती होत्या: २०१९ च्या प्रत्यक्ष उत्पन्नाशी तुलना, २७ मार्च २०२० पूर्वी मंजूर झालेल्या अंदाजपत्रकाशी तुलना किंवा आपली स्वतःची एखादी पटण्याजोगी पद्धत, तिचे कारण लिहून. पहिली रीत सर्वांत सरळ वाटते, म्हणून तीच सोडवून पाहू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीत रुग्णसेवेचे निव्वळ उत्पन्न ४० लाख डॉलर होते, २०२० च्या त्याच तिमाहीत २७ लाख. म्हणजे १३ लाख बुडाले. तिसऱ्या तिमाहीत ४१ चे ४३ झाले, चौथीत ४२ चे ३८. बुडालेले उत्पन्न किती? तिन्ही तिमाह्यांची बेरीज-वजाबाकी एकत्र केली तर उत्तर १५ लाख येते. पण हर्साचा नियम प्रत्येक तिमाही स्वतंत्र मोजण्याचा होता. ज्या तिमाहीत वाढ झाली तिथे शून्य धरायचे, ती वाढ दुसरीकडच्या घटीतून वजा करायची नाही. म्हणजे बरोबर उत्तर १७ लाख. इथे चुकले तर रुग्णालयाने आपलाच हक्क दोन लाखांनी कमी दाखवला. दुसरी चूक याच्या उलट दिशेची आणि जास्त महागाची. रुग्णालयाच्या बिलावरचा दर आणि विमा कंपनी प्रत्यक्षात देते ती रक्कम यांत मोठी तफावत असते. नियमाप्रमाणे निव्वळ उत्पन्न धरायचे, पण बिलिंगच्या संगणकातून सहज निघतो तो अहवाल बिलावरच्या दराचा असतो. दुसऱ्या तिमाहीचे तेच आकडे बिलाच्या दराने ८० लाख आणि ५५ लाख असतील, तर १३ लाखांच्या जागी २५ लाख तोटा दिसतो. कुणी काही लपवलेले नसते. चुकीचा रकाना उचललेला असतो, एवढेच.

खर्चाच्या बाजूला आणखी एक गुंता होता आणि तो या छोट्या रुग्णालयांनाच जास्त जाचणारा होता. क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटलला मेडिकेअर ठरीव दराने पैसे देत नाही. मान्य खर्चाच्या १०१ टक्के, असा हिशेब असतो. रिलीफ फंडाची अट अशी की दुसऱ्या कुणी भरून दिलेला खर्च इथे पुन्हा दाखवायचा नाही. आता मास्क आणि पीपीई किटवर एक लाख डॉलर खर्च झाले आणि रुग्णालयाच्या कामात मेडिकेअरचा वाटा ४५ टक्के असेल, तर साधारण ४५ हजार खर्च अहवालातून परत येणारच आहेत. पूर्ण लाख इकडे दाखवले तर तेवढा भाग दोनदा वसूल झाला. हे कळायला एकाच माणसाला दोन्ही अहवालांचे नियम माहीत हवेत आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवायला उसंत हवी. २०२१ च्या उन्हाळ्यात, डेल्टाच्या लाटेत, ती उसंत कुणाकडे होती?

लेखापरीक्षक येतो तो त्यानंतर. अहवालातले आकडे खातेवहीशी जुळवतो, तिमाह्या पुन्हा मोजतो, आणि मग विचारतो : पोर्टलवर भरण्याआधी हा अहवाल तयार करणाऱ्याखेरीज कुणी पाहिला? बहुतेक वेळा उत्तर ‘हो, सीईओंनी पाहिला होता’ असे असते. कुठे? सही नाही, ईमेल नाही, कोपऱ्यात तारीख घातलेली टीपही नाही. ज्याचा पुरावा नाही ती तपासणी झाली असे लेखापरीक्षकाला धरता येत नाही. मग सगळे आकडे बरोबर निघाले तरी नियंत्रणावर शेरा येतो. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. साधी त्रुटी, त्याहून वरची लक्षणीय त्रुटी आणि सर्वांत वर ‘मटेरियल वीकनेस’, म्हणजे मोठी चूक वेळेत रोखली किंवा पकडली जाणार नाही अशी वाजवी शक्यता असलेली उणीव.

‘आकडा बरोबर असताना शेरा कशाला?’ हा सीएफओंचा राग मला समजतो, पण पटत नाही. याच रुग्णालयात रक्ताची पिशवी लावण्याआधी रुग्णाचे नाव आणि पिशवीवरचा क्रमांक पडताळून पाहतात आणि तशी नोंद करतात. शंभर वेळा ते बरोबरच निघते, म्हणून कुणी ती रीत सोडून देत नाही. लाखो डॉलरचा अहवाल त्याच इमारतीतून एकट्याच्या भरवशावर बाहेर जातो, तेव्हा तो बरोबर निघणे हा त्या माणसाचा गुण असतो, संस्थेचा नव्हे.

या अहवालातली चूक तिथेच थांबतही नाही. सिंगल ऑडिटसाठी फेडरल खर्चाची एक अनुसूची द्यावी लागते, तिला ‘सेफा’ म्हणतात. रिलीफ फंडाच्या बाबतीत सेफामधला आकडा पोर्टलच्या अहवालातूनच घ्यायचा होता आणि तोही वेगळ्या वर्षात. डिसेंबरला वर्ष संपणाऱ्या रुग्णालयाने एप्रिल २०२० चे पैसे २०२० च्या हिशेबात उत्पन्न म्हणून घेतले असतील, तरी त्या वर्षीच्या सेफात त्यांचा मागमूस नसायचा. ते उगवायचे २०२१ च्या सेफात. हे न कळल्यामुळे सेफा चुकली आणि ती लेखापरीक्षकाने दुरुस्त केली, की तो आणखी एक शेरा.

शेऱ्याची किंमत काय? मागच्या दोन वर्षांत मटेरियल वीकनेस नसलेल्या संस्थेला ‘कमी जोखमीची’ ही ओळख मिळू शकते आणि तिच्या फेडरल खर्चापैकी २० टक्क्यांची सखोल तपासणी पुरते. ती ओळख गेली की तपासणी ४० टक्क्यांवर जाते आणि लेखापरीक्षणाचे बिलही वाढते. अहवाल ‘फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउस’वर जातो आणि बहुतांश संस्थांचे अहवाल तिथे कुणालाही वाचता येतात. अनुदान देणाऱ्या खात्याला सहा महिन्यांत त्यावर निर्णय द्यावा लागतो आणि शंकास्पद ठरलेला खर्च परत मागितला जाऊ शकतो. पंचवीस खाटांच्या रुग्णालयाला दोन लाख डॉलर परत करणे म्हणजे कदाचित रात्रपाळीच्या परिचारिकांच्या जागा रिकाम्या ठेवणे. म्हणून या विषयाला रुक्ष कागदी काम म्हणून झटकणाऱ्यांशी माझे जमत नाही.

शेऱ्याखाली व्यवस्थापनाला आपले म्हणणे आणि सुधारणेची योजना लिहावी लागते. तिथे एक वाक्य नेहमी भेटते : मर्यादित मनुष्यबळामुळे कामाची पूर्ण विभागणी आम्हाला परवडणारी नाही. आर्थिक पत्रके स्वतः तयार करण्याइतकी माणसे नाहीत, हे मी मान्य करीन. पण त्याच वाक्याच्या आडून अनुदानाच्या अहवालाची तपासणीही सोडून देणे मला मान्य नाही, कारण तिला नवी माणसे लागत नाहीत. पगाराचे काम पाहणाऱ्या बाईंनी तिमाहीचे आकडे खातेवहीशी जुळवावेत. खर्च अहवाल करणाऱ्या बाहेरच्या सल्लागाराला मेडिकेअरच्या वाट्यावर तासभर बसवावे. बोर्डाच्या वित्त समितीतल्या एखाद्या निवृत्त बँकवाल्याने भरण्याआधी छापील प्रत वाचावी, त्यात दोन प्रश्न लिहावेत आणि खाली तारखेसह सही करावी. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत. कारण न वाचता केलेली सही लेखापरीक्षकाची फाइल भरते, चूक मात्र पकडत नाही. शिवाय आकडा कुठून आला, कोणती रीत निवडली आणि का, हे एका पानावर लिहून ठेवले, तर सीएफओ बदलल्यावर नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावे लागत नाही.

पुढच्या आठवड्यात : रक्कम परत मागणारे हर्साचे पत्र आल्यावर रुग्णालय काय करू शकते, आणि त्याला किती मुदत मिळते.