ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर नेटवर्क स्कॅन का अडतो?

आमच्या प्रयोगशाळेत सुट्टीत विंडोज १० काढून सगळीकडे विंडोज ११ नव्याने घातले. नंतर इन्व्हेंटरी स्कॅन चालवला, तर मोजक्याच संगणकांचा तपशील आला. बाकीच्या ओळी रिकाम्या. सहायकाने लगेच एका संगणकाची फायरवॉल पूर्ण बंद केली. तरीही ती ओळ रिकामीच राहिली, आणि फायरवॉल मात्र दोन दिवस बंद होती.

स्कॅन कोणत्या पायरीवर अडला, हे आधी पाहायला हवे होते. संगणकावर एजंट न बसवता माहिती घेणारा स्कॅनर विंडोजमध्ये बहुधा डब्ल्यूएमआय सेवेला प्रश्न विचारतो. त्यासाठी तो प्रथम टीसीपी पोर्ट १३५ वर जातो. हे पोर्ट चौकशीच्या खिडकीसारखे आहे: पुढचे बोलणे कोणत्या पोर्टवर होईल, एवढेच तिथे कळते. ते पोर्ट साधारणपणे ४९१५२ ते ६५५३५ यांपैकी असते. म्हणून फक्त १३५ उघडून भागत नाही. यानंतर खात्याचे अधिकार तपासले जातात.

आता त्रुटीचा संदेश वाचा. ‘आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल’ असेल तर स्कॅनर बहुधा दारापर्यंत पोहोचलेलाच नाही. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये संगणकाचे नाव बदलले का, डीएनएसमध्ये जुना पत्ता राहिला का, ते पाहा. मग नेटवर्क प्रोफाइल पाहा. ते ‘पब्लिक’ झाले असेल, तर ‘प्रायव्हेट’साठी दिलेली फायरवॉलची परवानगी लागू होत नाही. प्रोफाइल दुरुस्त करा आणि फायरवॉलमधील डब्ल्यूएमआयचा नियमगट फक्त स्कॅनरच्या आयपी पत्त्यासाठी सुरू करा.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आले तर फायरवॉलला हात लावू नका. दार उघडे आहे, ओळख नाकारली आहे. आमचा दोष हाच होता. संगणक डोमेनमध्ये नसेल, तर स्थानिक अ‍ॅडमिन खात्याने नेटवर्कवरून आल्यास यूएसी त्याचे अधिकार छाटते. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये कुणीतरी रजिस्ट्रीत ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ची किंमत १ केली होती, ती नोंद फॉरमॅटबरोबर गेली. ती परत करता येते, पण सगळ्या संगणकांवर एकच पासवर्ड असेल तर एक संगणक फुटला की सगळे फुटतात. डोमेन खाते वापरणे मला अधिक योग्य वाटते.

याच संदेशामागे दुसरे कारणही असू शकते. डीकॉम सेवेची सुरक्षा मायक्रोसॉफ्टने टप्प्याटप्प्याने कडक केली. मार्च २०२३ पासून ती बंद करण्याची सोयही उरली नाही. जुना स्कॅनर कमी पातळीच्या प्रमाणीकरणाने आला, तर पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. समोरच्या संगणकाच्या सिस्टिम लॉगमध्ये १००३६ क्रमांकाची घटना दिसली, तर दोष स्कॅनरचा. तोच अद्ययावत करा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे रिकामी ओळ सोडून देणे परवडत नाही. तिच्यामागे एखादा जुनाच संगणक असू शकतो. भरलेली ओळही तपासा. विंडोज ११ च्या रजिस्ट्रीत उत्पादनाचे नाव अजून ‘विंडोज १०’ असेच राहते आणि आवृत्ती १०.० दिसते. फरक बिल्ड क्रमांकात आहे: २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर ते विंडोज ११.