पडीक फियाट पुन्हा उभी करावी का?

रोहिणखेडसारख्या गावात गोठ्यालगत वर्षानुवर्षं उभी असलेली फियाट दिसली, की हौशी माणूस आधी बॉनेट उघडतो. खरं तर आधी गाडीखाली वाकून पाहावं.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा आणि सस्पेन्शनच्या बैठका कुजल्या असतील किंवा अपघातात बॉडी पिळली असेल, तर खर्च कुठच्या कुठे जातो. महिंद्राच्या जुन्या जीपचं वेगळं: चासी सरळ असली, तर वरची बॉडी बदलता येते.

१०८९ सीसीचं इंजिन जाम असलं तरी घाबरू नये. हीच गाडी प्रीमियर पद्मिनी नावाने २००० च्या सुमारापर्यंत निघत होती, मुंबईची टॅक्सीही झाली. त्यामुळे इंजिनाची कामं जाणणारे मिस्त्री अजून भेटतात.

मग कागद. चासी नंबर आरसीशी जुळत नसेल, तर सौदा सोडावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही.