शनिशिंगणापूरचा चौथरा आणि नवशिक्या छायाचित्रकाराचा होकार

छायाचित्रणाचा छंद असलेल्या तरुण-तरुणींच्या हाती बरा कॅमेरा आला आणि त्यांनी टिपलेली काही छायाचित्रे नातेवाइकांना आवडली, की लवकरच एखादे मंडळ किंवा कुटुंब आपल्या कार्यक्रमाचे फोटो काढण्याविषयी विचारणा करते, आणि छंदातून व्यवसाय उभा राहण्याची ती पहिली संधी वाटत असल्याने होकारही सहज दिला जातो. कार्यक्रमाचे छायाचित्रण, ज्याला व्यवसायात 'इव्हेंट शूट' म्हणतात, हे निसर्गचित्रणापेक्षा किंवा स्टुडिओतील कामापेक्षा एका बाबतीत मुळातूनच वेगळे असते. त्यातील घटना छायाचित्रकाराच्या सोयीने घडत नाही आणि निसटलेला क्षण कोणाकडे परत मागता येत नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी आपला कॅमेरा किती चांगला आहे यापेक्षा, छायाचित्र बिघडले तर ते पुन्हा घेण्याची संधी मिळेल काय, याचा विचार आधी व्हायला हवा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण तेथील देव, तेथील उजेड आणि तेथील गर्दी या तिन्ही गोष्टी नवशिक्याची कसोटी पाहणाऱ्या आहेत.

शनिशिंगणापूरला मूर्तीवर छत्र नाही आणि गाभाराही नाही. सुमारे साडेपाच फुटांहून उंच असलेली काळ्या पाषाणाची स्वयंभू शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस झेलत उभी आहे आणि भाविक तिला तेल वाहतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक, म्हणजे समोरच्या दृश्याचा उजेड मोजून छायाचित्र किती उजळ घ्यावे हे ठरवणारी यंत्रणा, कोणतेही दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते, आणि ही छटा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के प्रकाश परत पाठवणारी मानली जाते. या गृहीतामुळे चौकट काळ्या शिळेने भरली की यंत्र फसते आणि चित्र गरजेपेक्षा उजळ घेते, त्यामुळे काळा पाषाण राखाडी दिसतो. उलट त्याच शिळेमागे बरेचसे तळपते आकाश आले, तर यंत्र चित्र गडद करते आणि पूजा करणाऱ्यांचे चेहरे काळवंडतात. स्वयंचलित पद्धतीवर विसंबणाऱ्याला एकाच अभिषेकाची छायाचित्रे अशी आलटूनपालटून राखाडी आणि काळी मिळतात. यावर उपाय आहे आणि तो शिकता येतो: उजेड स्थिर असेल तेव्हा छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ ही तिन्ही मूल्ये स्वहस्ते ठरवावीत, किंवा शिळा चौकटभर असताना उजेड एक ते दीड स्टॉपने कमी करावा, येथे एक स्टॉप म्हणजे प्रकाशाचे प्रमाण निम्मे किंवा दुप्पट होणे. परंतु हे हिशेब चौथऱ्यासमोर, मागून रांग ढकलत असताना, प्रथमच करण्याची वेळ येऊ नये.

तेलाने अडचण आणखी वाढते. तेल लागलेला पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि त्यावर थेट फ्लॅश मारला तर शिळेच्या मध्यभागी पांढरा डाग उमटतो, ज्यात पाषाणाचा कोणताही तपशील उरत नाही व जो नंतर संगणकावरही भरून काढता येत नाही. ध्रुवण गाळणी, म्हणजे ठरावीक दिशेने परावर्तित होणारा प्रकाश अडवणारी फिरती काच, ही चकाकी बरीच कमी करते, पण ती एकूण प्रकाशही दीड ते दोन स्टॉपने घटवत असल्याने भर दुपारी उपयोगी ठरते आणि संध्याकाळी अडथळा होते.

शनिजयंती वैशाख अमावास्येला येते. 2023 मध्ये ती 19 मे रोजी, 2024 मध्ये 6 जूनला आणि 2025 मध्ये 27 मे रोजी होती. या भागात मेच्या मध्यानंतर सूर्य मध्यान्ही जवळजवळ थेट डोक्यावर असतो. सावली पायाखाली जाणारा 'शून्य सावली दिवस' याच सुमारास येतो. परिणामी शनिजयंतीच्या दुपारी उघड्या चौथऱ्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे कपाळ व नाक तळपते आणि डोळ्यांच्या खोबण्या अंधारात जातात. रात्री परिस्थिती उलटते. अमावास्येला चंद्रप्रकाशाचा आधार नसतो, सर्व काही विजेच्या दिव्यांवर अवलंबून असते, आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. ही लुकलुक डोळ्याला जाणवत नाही, मात्र शटरचा वेग फार वाढवल्यास चित्रावर काळसर पट्टे म्हणून उमटते. अशा वेळी शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवावे लागते, आणि त्या वेगाला हलणारी माणसे पुसट होऊ नयेत यासाठी हाताला सवय लागते. ही सवय अंगी येण्यास एका रात्रीपेक्षा पुष्कळ अधिक काळ लागतो.

ही सवय लावण्यासाठी सोपे काम आधी आणि कठीण नंतर घ्यावे, आणि महाराष्ट्राच्या चित्रणाच्या इतिहासात या क्रमाचे एक बोलके उदाहरण आहे. मुंबईचे व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, जे सावे दादा या नावाने ओळखले जात, यांनी चलच्चित्राचा कॅमेरा मिळाल्यावर 1899 मध्ये हँगिंग गार्डन्स येथील कुस्ती चित्रित केली आणि माकडांना शिकवणाऱ्या मदाऱ्याचेही चित्रण केले. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचे डिसेंबर 1901 मध्ये मुंबईत झालेले स्वागत त्यांनी टिपले ते त्यानंतर, आणि ते चित्रण भारतातील वृत्तचित्रांचा आरंभ मानले जाते. कुस्ती पुन्हा लावता आली असती, स्वागताची मिरवणूक मात्र एकदाच निघणार होती; स्थिरचित्रणात आधीच मुरलेल्या माणसानेही नवे साधन हाती आल्यावर सोपे आधी आणि कठीण नंतर असाच मार्ग धरला, हे नवशिक्याने ध्यानात घेण्याजोगे आहे.

शिंगणापूर परिसरात असा क्रम पाळणे अशक्य नाही. एखाद्या साध्या शनिवारी आलेल्या कुटुंबाच्या दर्शनाची छायाचित्रे बिघडली, तर त्यांची हळहळ होईल, पण ते पुढच्या एखाद्या शनिवारी पुन्हा येऊ शकतात. शनिअमावास्या, म्हणजे शनिवारी येणारी अमावास्या, वर्षातून मोजक्याच वेळा येते, त्या दिवशी प्रचंड गर्दी उसळते आणि अशा दिवसाच्या भंडाऱ्याचे किंवा सामूहिक अभिषेकाचे काम एकट्याने अंगावर घेणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. याउलट नेवासे-राहुरी भागात गावोगावी होणारा अखंड हरिनाम सप्ताह ही त्याच्यासाठी उत्तम शाळा ठरते. पहाटेचा काकडा, पारायण, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन हा क्रम सात दिवस चालत असल्याने पहिल्या रात्रीची चूक दुसऱ्या रात्री सुधारता येते, कीर्तनकार कोठे वळतात, टाळकरी कधी उसळतात आणि मंडपातील दिवे कोणत्या बाजूने पडतात हे तिसऱ्या दिवसापर्यंत कळून चुकते, आणि पुन्हा न मिळणारे काल्याचे कीर्तन येईपर्यंत हात तयार झालेला असतो.

साधनांविषयी थोडक्यात सांगायचे, तर कॅमेऱ्यासोबत मिळणारे लेन्स झूम केल्यावर एफ 5.6 पर्यंतच उघडते, तर एफ 2.8 चे लेन्स चौपट प्रकाश आत घेते आणि ते भाड्याने मिळू शकते. एकच कॅमेरा, एकच बॅटरी आणि एकच कार्ड घेऊन मोबदल्याच्या कामाला जाऊ नये, एवढा नियम पुरेसा आहे.

नोंद आणि परवानगी यांबाबत मात्र अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण गैरसमज बहुधा तेथेच होतात. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्याचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. आपली छायाचित्रे नमुना म्हणून दाखवण्याची इच्छा असलेल्या नवशिक्याने ती अट आधीच लिहून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मोबदल्याच्या सेवेतील उणिवेबद्दल दाद मागण्याचा मार्ग देतो आणि विनामूल्य सेवा त्यातून वगळतो. याचा अर्थ फुकट केलेले काम निष्काळजीपणे करावे असा नाही, तर पैसे घेताच जबाबदारीचे स्वरूप बदलते असा आहे. तारीख, तास, छायाचित्रांची अंदाजे संख्या, ती देण्याची मुदत, आगाऊ रक्कम आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे मोबाइलवरील एका स्पष्ट संदेशात उभय पक्षांनी मान्य केले तरी पुष्कळ तंटे टळतात. देवस्थानाच्या आवारात कोठवर कॅमेरा नेता येईल, हे यजमानाच्या शब्दावर न सोडता व्यवस्थापनाकडून आधी विचारून घ्यावे.

गावाविषयीही एक कर्तव्य आहे. शिंगणापूरच्या घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा सर्वश्रुत आहे आणि 2011 मध्ये येथे युको बँकेची शाखा सुरू झाली तेव्हाही याच परंपरेमुळे तिची देशभर चर्चा झाली. बिनदाराची चौकट पाहुण्या छायाचित्रकाराला मोह घालते, परंतु आत एखादे कुटुंब जेवत असते, कोणी आजारी पडून असते, आणि त्यांनी जगावर ठेवलेल्या विश्वासाचा अर्थ कोणीही आत कॅमेरा रोखावा असा कधीच होत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून विचारावे आणि नकार मिळाला तर पुढे जावे.

नकार देणे छायाचित्रकारालाही जमले पाहिजे. शनिअमावास्येचे काम चालून आले, तर त्याने आपला अनुभव किती आहे हे स्पष्ट सांगून एखाद्या मुरलेल्या व्यावसायिकाचे नाव सुचवावे आणि स्वतः त्याच्या हाताखाली दुसरा छायाचित्रकार म्हणून येण्याची तयारी दाखवावी. रक्कम कमी मिळेल, पण मुख्य क्षणाचा भार दुसऱ्यावर असल्याने त्याला गर्दीतले चेहरे, तेल वाहणारे हात आणि रांगेतील म्हाताऱ्या माणसांचा थकवा निवांतपणे टिपता येईल. आयोजकांनीही कमी पैशांत काम होते म्हणून नवशिक्यावर एकट्यावर सारा भार टाकू नये, आणि मुख्य छायाचित्रकारासोबत गावातल्या एका शिकाऊ मुलाला किंवा मुलीला जरूर जागा द्यावी.