व्यापारसंघातून निर्गमन : ब्रिटनमधील मोटार उद्योग आणि राष्ट्रीय राजकारण

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रांनी एकत्र येऊन व्यापारसंघ स्थापन करणे ही जागतिक अर्थकारणातील एक प्रमुख प्रवृत्ती ठरली. अशा संघात सामील झाल्याने काय साधते, या प्रश्नावर अर्थशास्त्रात विपुल लेखन झाले आहे. जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या व्यापारनिर्मिती आणि व्यापारविचलन या संकल्पना आजही पदव्युत्तर वर्गांत शिकविल्या जातात. संघातून बाहेर पडल्यास काय होते, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ पुस्तकी राहिला. ग्रीनलंड १९८५ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायातून बाहेर पडले खरे, परंतु त्याची अर्थव्यवस्था मुख्यतः मासेमारीवर अवलंबून असल्याने औद्योगिक राष्ट्रांसाठी त्या अनुभवातून फारसा बोध होण्यासारखा नव्हता. ब्रिटनने २०१६ मध्ये घेतलेल्या सार्वमताने हे चित्र बदलले.

मोटार उद्योग हा या निर्गमनाचा परिणाम तपासण्यासाठी सर्वांत योग्य उद्योग होय. त्याचे सुटे भाग अनेक देशांतून येतात, तयार मालाचा मोठा हिस्सा निर्यात होतो आणि एकेका कारखान्यावर एकेका शहराचे जीवन अवलंबून असते. व्यापारसंघातून बाहेर पडल्याने या उद्योगावर कोणत्या मार्गांनी परिणाम झाला आणि त्याचे राष्ट्रीय राजकारणाशी नाते कसे बदलले, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटनने १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला आणि १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी त्या निर्णयास मान्यता दिली. त्या काळात ब्रिटनचा स्वतःचा मोटार उद्योग संप, जुनी यंत्रसामग्री आणि घटती मागणी यांमुळे खिळखिळा झाला होता. मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने या दुखण्यावर परदेशी गुंतवणुकीचा उपाय योजला. निसान कंपनीशी १९८४ मध्ये करार होऊन १९८६ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील संडरलंड येथे मोटारींचे उत्पादन सुरू झाले. पुढे होंडाने स्विंडन येथे आणि टोयोटाने डर्बीशायरमधील बर्नास्टन येथे कारखाने उभारले. ब्रिटनमध्ये मोटार बनवायची आणि संपूर्ण युरोपात ती जकातीविना विकायची, हे या गुंतवणुकीमागील गणित होते. १ जानेवारी १९९३ पासून अस्तित्वात आलेल्या एकल बाजारपेठेने हे गणित अधिक पक्के केले.

येथे एक जुना वाद नमूद करणे उद्‍बोधक ठरेल. संडरलंडमध्ये तयार झालेली निसानची ब्लूबर्ड ही मोटार ‘युरोपीय’ मानावी की ‘जपानी’, असा प्रश्न फ्रान्सने १९८८ च्या सुमारास उपस्थित केला होता. मोटारीतील ८० टक्के मूल्य युरोपीय नसेल तर ती जपानी मोटारींच्या आयात-मर्यादेत धरावी, अशी फ्रान्सची भूमिका होती. ब्रिटनने त्यास विरोध केला आणि अखेर ब्रिटनची बाजू मान्य झाली. वस्तूचा उगम कोणत्या देशाचा मानावा, हा प्रश्न त्या वेळी संघाच्या अंतर्गत चर्चेतून सुटला. तीन दशकांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तेव्हा ब्रिटन दाराबाहेर होता.

निर्गमनाचे परिणाम : तीन मार्ग

पहिला मार्ग आयात शुल्काचा. व्यापारसंघाबाहेरील आणि कोणताही विशेष करार नसलेल्या देशातून येणाऱ्या मोटारीवर युरोपीय संघ १० टक्के शुल्क आकारतो. मोटार उद्योगात नफ्याचे प्रमाण बहुधा याहून कमी असते. म्हणजेच कोणत्याही कराराविना बाहेर पडल्यास ब्रिटनमधील कारखान्याचा नफा केवळ शुल्कातच संपण्याची भीती होती. पौंडाचे मूल्य घसरल्याने निर्यात स्वस्त होते, हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो. सार्वमताच्या सुमारास ब्रिटिश मोटारीतील देशांतर्गत सुट्या भागांचा वाटा सरासरी सुमारे ४४ टक्के होता. उरलेले भाग बाहेरून येत असल्याने पौंड घसरताच त्यांची किंमत वाढत असे.

दुसरा मार्ग सीमेवरील कार्यपद्धतीचा. आधुनिक मोटार कारखाना सुट्या भागांचा साठा करीत नाही, ऐन गरजेच्या वेळी ते मागवितो. होंडाच्या स्विंडन कारखान्यात युरोपातून दररोज सुमारे ३५० मालमोटारी येत असत. ऑक्सफर्ड येथे तयार होणाऱ्या मिनी मोटारीच्या क्रँकशाफ्टचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले गेले. हा भाग फ्रान्समध्ये ओतला जाई, वॉरिकशायरमध्ये त्यावर यंत्रकाम होई, तेथून तो इंजिनात बसविण्यासाठी म्युनिकला जाई आणि तयार इंजिन पुन्हा ऑक्सफर्डला येई. एक भाग तीन वेळा सागरी सीमा ओलांडत असेल, तर प्रत्येक वेळी करावी लागणारी कागदपत्रे, तपासणी आणि होणारा विलंब हा स्वतंत्र खर्च ठरतो. शुल्क शून्य असले तरी हा खर्च शून्य होत नाही.

तिसरा मार्ग उगमस्थानाच्या नियमांचा. जकात संघात सर्व सदस्यांचे बाह्य शुल्क एकच असल्याने आत आलेला माल कोठून आला, हे पुन्हा तपासावे लागत नाही. मुक्त व्यापार करारात प्रत्येक देशाचे बाह्य शुल्क वेगळे असते. त्यामुळे तिसऱ्या देशाचा माल मागील दाराने येऊ नये म्हणून वस्तूतील किती मूल्य करारातील देशांचे आहे, हे सिद्ध करावे लागते. २४ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात झालेल्या व्यापार व सहकार्य करारात शुल्क शून्य ठेवण्यात आले, परंतु त्यासाठी पेट्रोल व डिझेल मोटारींत बाहेरील घटकांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा अशी अट घालण्यात आली. यात ब्रिटिश आणि युरोपीय भाग एकत्र मोजता येतात, जपान किंवा तुर्कस्तान येथील भाग मात्र मोजता येत नाहीत. विजेवरील मोटारींचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण त्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो आणि बॅटऱ्यांच्या उत्पादनात चीन व पूर्व आशिया आघाडीवर आहेत. या मोटारींसाठी २०२४ पासून कडक होणारा नियम डिसेंबर २०२३ मध्ये उभयपक्षी संमतीने २०२६ अखेरपर्यंत लांबणीवर टाकण्यात आला.

अनिश्चिततेची किंमत

उपरोक्त तिन्ही मार्गांपेक्षाही लवकर जाणवलेला परिणाम अनिश्चिततेचा होता. नव्या मोटारीच्या आराखड्याचा निर्णय उत्पादनाच्या काही वर्षे आधी घ्यावा लागतो आणि ते उत्पादन पुढे अनेक वर्षे चालते. नियम काय असतील हे ठाऊक नसताना असा निर्णय पुढे ढकलणे हाच कंपनीच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. ब्रिटिश मोटार उद्योगात २०१५ मध्ये सुमारे २५० कोटी पौंडांची नवी गुंतवणूक जाहीर झाली होती, २०१८ मध्ये ती सुमारे ५९ कोटी पौंडांवर आली. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघाचा पूर्ण सदस्य होता आणि एक पैचेही शुल्क लागू झालेले नव्हते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

उत्पादनाचे आकडेही बोलके आहेत. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे १७ लाख २३ हजार मोटारी तयार झाल्या, २०२२ मध्ये सुमारे ७ लाख ७५ हजार. १९५६ नंतरचा हा नीचांक होता. मात्र ही संपूर्ण घट निर्गमनाच्या माथी मारणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य होणार नाही. डिझेल मोटारींची घटलेली मागणी, चीनमधील मंदावलेली विक्री, कोविडची साथ आणि अर्धवाहक चकत्यांचा तुटवडा ही कारणेही तितकीच खरी आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतलेल्या जॅग्वार लँड रोव्हरने जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ४,५०० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ही कारणे एकमेकांत गुंतलेलीच होती. निर्गमनाने प्रत्येक आघात उद्भवला असे नव्हे, परंतु तो पेलण्याची उद्योगाची शक्ती त्यामुळे कमी झाली, असे म्हणणे अधिक समर्पक ठरेल.

कारखाना आणि मतपेटी

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. संडरलंडमध्ये हे प्रमाण ६१.३ टक्के, तर स्विंडनमध्ये ५४.७ टक्के होते. ज्या शहरांची रोजीरोटी युरोपीय बाजारपेठेशी बांधलेली होती, त्यांनीच हा कौल का दिला, असा प्रश्न अनेक अभ्यासकांना पडला. मतदारांना स्वतःचे हित कळले नाही, असे उत्तर देणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. संडरलंडमधील शेवटची जहाजगोदी १९८८ मध्ये आणि शेवटची कोळसा खाण १९९३ मध्ये बंद झाली. निसानमध्ये काही हजारांना काम मिळाले, उर्वरित शहराच्या वाट्याला कमी वेतनाची आणि अस्थिर कामे आली. त्यात २००८ नंतरच्या सरकारी खर्चकपातीची भर पडली. कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या मतदाराला एकल बाजारपेठेचे लाभ दिसत नव्हते, तिचे नियम मात्र दिसत होते. लाभाचे असमान वाटप हे राजकीय अर्थशास्त्राचे जुने सूत्र येथे पुन्हा प्रत्ययास येते.

स्विंडनचा अनुभव वेगळा धडा देतो. होंडाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२१ मध्ये तो बंद झाला. सुमारे ३,५०० कर्मचाऱ्यांचे काम गेले. कंपनीने याचे कारण ब्रेक्झिट नसून विजेवरील मोटारींकडे होणारे संक्रमण हे असल्याचे सांगितले. याच महिन्याच्या १ तारखेस युरोपीय संघ आणि जपान यांच्यातील करार अमलात आला होता. त्यानुसार जपानी मोटारींवरील १० टक्के शुल्क टप्प्याटप्प्याने रद्द होणार होते. जपानमधून थेट मोटार पाठविणे शुल्कमुक्त होणार असेल, तर युरोपच्या उंबरठ्यावर कारखाना ठेवण्याचे १९८० च्या दशकातील कारण आपोआपच दुबळे होते.

संसदेतील पेच आणि सरकारची नवी भूमिका

बाहेर पडावे हा कौल स्पष्ट होता, कोठे जावे याविषयी मतपत्रिका मौन होती. एकल बाजारपेठेत राहणे, केवळ जकात संघात राहणे, साधा व्यापार करार करणे किंवा कराराविना बाहेर पडणे हे चारही पर्याय त्या एका कौलात सामावू शकत होते. थेरेसा मे यांचा करार जानेवारी २०१९ मध्ये २३० मतांनी फेटाळला गेला आणि पुढे आणखी दोनदा नामंजूर झाला. १ एप्रिल २०१९ रोजी जकात संघात राहण्याचा प्रस्ताव अवघ्या ३ मतांनी पडला. पंतप्रधानांना पद सोडावे लागले. बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ८० जागांचे बहुमत मिळविले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला.

या घडामोडींत शासन आणि उद्योग यांचे नाते मुळापासून बदलले. सार्वमतानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये निसानने संडरलंडमध्ये नव्या मोटारी बनविण्याचे जाहीर केले. त्यापूर्वी उद्योगमंत्री ग्रेग क्लार्क यांनी कंपनीला आश्वासन देणारे पत्र पाठविले होते. या पत्राचा मजकूर संसदेपासूनही दूर ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये निसानने त्यांतील एका मोटारीचा निर्णय मागे घेतला, तेव्हा ते पत्र प्रसिद्ध झाले आणि ८ कोटी पौंडांपर्यंतच्या साहाय्याची तयारी त्यात दर्शविलेली असल्याचे उघड झाले. पुढे २०२१ मध्ये निसान व तिच्या सहयोगी बॅटरी कंपनीने संडरलंडसाठी १०० कोटी पौंडांची योजना जाहीर केली. २०२३ मध्ये टाटा समूहाने सॉमरसेटमध्ये ४०० कोटी पौंडांचा बॅटरी कारखाना उभारण्याचे ठरविले. या दोन्ही योजनांना सरकारी पाठबळ होते. याउलट, ब्लाइथ येथे बॅटरी कारखान्याचे स्वप्न दाखविणारी ब्रिटिशव्होल्ट ही कंपनी जानेवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली.

एकल बाजारपेठेत असताना बाजारप्रवेशाची हमी कायद्याने मिळत होती. ती सर्व कंपन्यांना सारखी होती आणि कोणत्याही मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. निर्गमनानंतर तीच हमी प्रत्येक मोठ्या कंपनीशी स्वतंत्र बोलणी करून आणि करदात्यांच्या पैशातून द्यावी लागली. मोठ्या कंपनीला मंत्र्याचे दार उघडे असते, तिला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदाराला ते नसते.

समारोप

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष मोठ्या बहुमताने सत्तेवर आला, तरी त्याने एकल बाजारपेठेत अथवा जकात संघात परतणार नाही, असे वचन मतदारांना दिले होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात वर्षाला १ लाख ब्रिटिश मोटारींसाठी शुल्क १० टक्क्यांवर आणण्यात आले आणि २४ जुलै २०२५ रोजी भारताशी करार होऊन मर्यादित संख्येच्या ब्रिटिश मोटारींवरील भारतीय शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे ठरले. स्वतंत्र व्यापारधोरणाचे हे लाभ खरे आहेत, परंतु दोन्ही ठिकाणी संख्येची मर्यादा आहे, हेही तितकेच खरे आहे.

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, व्यापारसंघातून बाहेर पडण्याची किंमत केवळ शुल्काच्या कोष्टकात शोधता येत नाही. ती पुढे ढकललेल्या गुंतवणुकीत, सीमेवरील कागदपत्रांत, उगमाच्या दाखल्यांत आणि बंद दारामागे दिलेल्या आश्वासनांत विखुरलेली असते. त्याचबरोबर, संघात राहण्याचे लाभ कारखान्याच्या भिंतीबाहेर पोहोचले नाहीत तर सुज्ञ मतदारही त्या लाभाविरुद्ध मत देऊ शकतो, हे संडरलंडने दाखविले. व्यापारधोरणाचा अभ्यास करताना उत्पादनाच्या आकड्यांइतकेच महत्त्व वाटपाच्या प्रश्नाला द्यावे लागते, हा ब्रिटनच्या अनुभवाचा सारांश होय.